पाच मिनिटांच्या आतला अंधार

…नाही नाही, लाईट गेलीच नव्हती! डोळ्यांदेखत पंखा थांबला, फ्रीजची घरघर बंद पडली, समोरच्या न्हाव्याच्या हातातलं मशीन गिऱ्हाइकाच्या अर्ध्या गालावर गप्प झालं आणि ते गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन 'काय झालं हो?' म्हणत दारात येऊन उभं राहिलं, पण लाईट गेली नव्हती! का? तर ती चार मिनिटं पन्नास सेकंदांत परत आली! पाच मिनिटांच्या आत परत आली तर 'गेली' असं म्हणायचंच नाही म्हणे. म्हणजे जावई रुसून घराबाहेर पडला आणि कोपऱ्यावरून चप्पल विसरली म्हणून परत आला, तर तो रुसलाच नव्हता, तसं! मी विचारलं, अहो, मग त्या चार मिनिटं पन्नास सेकंदांत जे होतं त्याला काय म्हणायचं? वीज कंपनीचे साहेब म्हणाले, "त्याला काही म्हणायचं नाही, शेठ. ते नियमात बसतं."

नियमात बसतं! तुम्हाला सांगतो, हे दोन शब्द मी गेल्या दीड वर्षात इतक्या वेळा ऐकलेत की आता कुणी 'बसा' म्हणालं तरी मी दचकतो.

तुम्ही आमच्या गल्लीतले नाही म्हणून बोलतोय, बरं का. गल्लीत मी तोंड उघडत नाही. का उघडत नाही ते येईल पुढे. आधी मी कोण ते ऐका. मी दोरवाला. सुतळीपासून ट्रकवरची ताडपत्री आवळायच्या जाड दोरापर्यंत, ज्याला गाठ मारता येते ते सगळं आमच्या दुकानात मिळतं. शिक्षण विचाराल तर सातवी, आणि तीही मास्तरांनी कंटाळून पुढे ढकललं म्हणून. पण मोजमापात मला फसवणारा अजून जन्माला यायचाय, असं मी छातीवर हात मारून सांगायचो. अहो, दोर मोजण्यात काय गमती असतात! ताणून मोजला तर दहा मीटरमागे हातभर दोर व्यापाऱ्याच्या घरात राहतो. पूर्वी आम्ही वावेवर विकायचो, म्हणजे दोन्ही हात पसरले की या बोटापासून त्या बोटापर्यंत एक वाव. तर एक रंगारी यायचा, उंच इमारतींना झुल्यावर बसून रंग देणारा. स्वतः हा एवढासा, पण दोर घ्यायला येताना सहा फुटी मेव्हण्याला घेऊन यायचा! "शेठ, दोर तुमचा, पण वाव याची." मेव्हणा हात पसरून उभा, आणि मी रडत रडत दोर सोडतोय. त्या रंगाऱ्यानं मला जे शिकवलं ते सात इयत्तांनी नाही शिकवलं. माप किती ते विचारू नये, मोजतोय कोण ते बघावं.

आणि विजेचं मोजतं कोण? वीज कंपनीच! लाईट घालवणारी तीच, किती वेळ गेली ते लिहिणारी तीच, आणि ते लिहिलेलं वर आयोगाकडे पाठवणारीही तीच. आयोग म्हणजे कंपनीवर डोळा ठेवायला नेमलेली मोठी माणसं. डोळा आहे हो, मी नाही म्हणत नाही. पण तो कागदावर आहे.

आता मुळात मी त्या भानगडीत पडलो कशाला? दोरवाल्यानं दोर विकावा, तारेला कशाला हात लावावा? तर ताईपायी.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा, ती सोळाची. तिनं मला वाढवलं, शाळेत घातलं, शाळेनं टाकल्यावर दुकानात घातलं. दुकान पुढे, आणि मागच्या खोलीत पीळ घालायचं यंत्र. त्या यंत्रावर ताई तीस वर्षं उभी होती. काथ्याची धूळ कशी असते पाहिलीय? सकाळी खिडकीतून ऊन आलं की खोलीत सोनं उडतंय असं वाटतं. ते सोनं ताईनं तीस वर्षं छातीत भरलं आणि मी पुढे गल्ल्यावर बसून शेठ झालो. डॉक्टरनं फोटो उजेडात धरला आणि म्हणाला, "यांची फुप्फुसं आता काम करणार नाहीत. मशीन लावा." ताईनं मला विचारलं, "कुठल्या आकाराचं मशीन? मागच्या खोलीत मावेल ना?" तिला वाटलं, पीळ घालायचं!

तर ऑक्सिजनचं मशीन आलं. पलंगाशेजारी लहान कपाटाएवढं, त्यातून नळी, नळी नाकात. भिंतीतून वीज घेतं आणि खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून देतं. वीज गेली की ओरडतं आणि बंद पडतं. वीज आली की लगेच घुं करून सुरू होतं खरं, पण, आणि हे नीट ऐका, सुरू झाल्यावर पहिली चार-पाच मिनिटं त्यातून नुसतीच हवा येते. खिडकीतून येते तसली. पिवळा दिवा लागलेला असतो. तो हिरवा झाला की मग खरा माल. जवळ एक सिलिंडर ठेवायचा. लाईट गेली की मशीनची नळी काढायची, सिलिंडरची लावायची, चावी फिरवायची, काटा बघायचा. "मग इन्व्हर्टर का नाही घेतला?" विचारा की! सगळ्यांनी विचारलं. घेतला! घासाघीस करून घेतला, तीच चूक. मशीन सुरू होताना असा काही हिसका मारायचं की इन्व्हर्टर किंचाळून मान टाकायचा. दुसरा आणला, त्यानं किंचाळण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

पण तेव्हा भागत होतं. आमच्या भागात लाईट रोज दुपारी जायची, दोन ते तीन. कंपनीची तार एक आणि तिच्यावर चार वस्त्या लोंबकळलेल्या, तेव्हा आळीपाळीनं एकेकीला तासभर झोपवायचे. दोनच्या ठोक्याला आमची ही सिलिंडर लावायची, ताई डोळे मिटायची, तीनला मशीन सुरू, पाच मिनिटं थांबून नळी बदलायची, संपलं. एक तास, एकदा. मला मात्र ते सहन होईना. माझी ताई रोज तासभर सिलिंडरवर? हा काय न्याय झाला? मी वीज फुकट घेतो? ताई म्हणायची, "अरे, मला त्या तासात बरी झोप लागते. मशीनची घरघर नसते." पण ऐकतो कोण? मला न्याय मिळवायचा होता ना!

तर पेपरात आलं, आयोगाची जाहीर सुनावणी. विषय काय, तर 'वीजपुरवठा विश्वासार्हता मानके'. एवढा शब्द तोंडात धरायलाच मला दोन दिवस लागले. पण गेलो. हा मोठा हॉल, थंडगार, खुर्च्यांना गाद्या. वर मधोमध अध्यक्षबाई, चष्मा साखळीला बांधलेला, बाई प्रेमळ. आजूबाजूला दोन सदस्य, एक झोपलेला, एक जागा. खाली कंपनीचे साहेब, इस्त्रीची घडी अशी की हात लावला तर कापेल. साहेब उठले. "माननीय आयोग, तांत्रिक मर्यादा लक्षात घेता, वाहिनीनिहाय भारव्यवस्थापनाच्या अनुषंगानं…" वीस मिनिटं. मला एवढंच कळलं की लाईट जाते आणि जाणार.

मग माझा नंबर. मी ताईचं सांगितलं. सोळाव्या वर्षापासूनचं सांगितलं. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, "काका, घरात प्राणरक्षक यंत्रावर माणूस असेल तर त्या तारेसाठी आम्ही वेगळी मर्यादा घालू शकतो. किती वेळाचा खंड तुमच्या बहिणीला चालेल? तुम्हीच सांगा."

आणि मंडळी, इथे माझा घात झाला. मला आकडा विचारला! व्यापाऱ्याला कधी आकडा विचारू नये हो. त्याच्यातला माणूस झोपतो आणि व्यापारी जागा होतो. मी म्हणालो, "एक मिनिट!"

कंपनीचे साहेब म्हणाले, "पंधरा."

"पंधरा? अहो, पंधरा मिनिटांत माणसाची तिरडी बांधून होते! दोन."

"बारा."

"तीन. आणि माझंही नुकसान होतंय यात."

"दहा. त्याखाली आम्हाला परवडत नाही."

"साहेब, शेवटचं बोला. दोघांचंही राहू द्या. पाच!"

अध्यक्षबाईंनी कंपनीकडे पाहिलं. साहेबांनी शेजारच्या इंजिनिअरकडे पाहिलं. तो इंजिनिअर, सडपातळ, कायम झोप न झालेल्या डोळ्यांचा, त्यानं बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि साहेबांच्या कानात कुजबुजला. साहेब हसले. "मान्य." पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लाईट गेली तर कंपनीला दर खेपेला दंड, लेखी हुकूम, शिक्क्यासकट! साहेबांनी पुढे होऊन माझा हात हातात घेतला, दाबला, हलवला. आता चाळीस वर्षांचा अनुभव सांगतो तुम्हाला, ज्या सौद्यात समोरचा हसत हसत हात मिळवतो, तिथे आपलं काहीतरी त्याच्या खिशात राहिलेलं असतं. मला हे ठाऊक नव्हतं? होतं की! पण जिंकलेल्या माणसाच्या कानात बोळे असतात.

गल्लीत काय वट होता माझा! न्हावी म्हणाला, "शेठ, आता आयुष्यभर तुमची दाढी फुकट." आइस्क्रीमवाला दुकानातून धावत आला, "काका, माझा माल वितळायचा हो रोज दुपारी, तुम्ही देवासारखे!" व्यापारी संघाच्या अध्यक्षानं भाषण केलं, सातवी शिकलेल्या माणसानं आयोगाला नमवलं म्हणाला. मीही खोटं खोटं 'छे छे' केलं.

दुसऱ्या आठवड्यात हुकूम लागू झाला. दुपारचे दोन वाजले. लाईट गेली. मी घड्याळ धरून ताईच्या उशाशी. हिनं नळी बदलली, चावी फिरवली. एक मिनिट… तीन… चार… चार पन्नास, आली! मी टाळी वाजवली. "बघ ताई! पाचाच्या आत!" हिनं पिवळा दिवा हिरवा होईपर्यंत थांबून नळी परत बदलली. मी सुपारीही कातरली नव्हती अजून… तर पुन्हा गेली! पुन्हा चार पन्नास. पुन्हा आली. पुन्हा गेली! त्या पहिल्या दिवशी बारा वेळा, मंडळी. बारा वेळा नळी काढ, नळी घाल, चावी सोड, चावी आवळ. बाराव्या वेळेला ताईनं नाकातली नळी स्वतःच बाजूला केली, दम घेतला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "लांबी किती ते विचारलंस. सलग आहे का ते विचारलंस?"

मी घड्याळ खिशात टाकलं.

"दोरवाल्याला तुकडे विकले रे त्यांनी."

अहो, शंभर मीटरचा दोर मागितला आणि कुणी दोन-दोन मीटरचे पन्नास तुकडे हातात दिले तर ते काय शंभर मीटर होतात? त्या दोरानं तो रंगारी झुल्यावर बसेल का? हे मला, मला कळू नये? मी मिनिटांवर अडून बसलो आणि 'किती वेळा' हे विचारायचं विसरलो. हुकुमात कुठेही लिहिलेलं नाही, दिवसातून किती वेळा. एकदा घालवा, शंभरदा घालवा, प्रत्येक वेळी पाचाच्या आत आणा. नियमात बसतं!

आणि पुढची गंमत बघा. गंमत म्हणायची आपली. पाचाच्या आतलं मोजायचंच नाही म्हटल्यावर कंपनीचा हात सैल सुटला. मोजलं जात नाही ते वापरायला कोण काचकूच करतो? पूर्वी तास कापायचे तर वर लिहावं लागायचं, उत्तर द्यावं लागायचं. आता काय! बाराचे अठरा झाले, अठराचे पंचवीस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, केव्हाही. सिलिंडर दोन-दोन दिवसांत संपायला लागले. आमची ही खोलीतून उठेना. जेवण तिथे, भाजी निवडायची तिथे. पोळी लाटायला स्वयंपाकघरात गेली की मशीन ओरडायचं, ही लाटणं हातात घेऊन धावत यायची, ताई म्हणायची, "मारायला आलीस का गं?" आणि दोघी हसायच्या. हसायच्या आणि ताईला धाप लागायची, म्हणून हसणंही बंद केलं.

आणि गल्ली? गल्ली खूश! न्हाव्याला चार मिनिटं काय, तेवढ्यात तो गिऱ्हाइकाला राजकारण सांगायचा. आइस्क्रीम चार मिनिटांत वितळत नाही. वाईट होतं ते एका आमच्या घराचं, आणि हुकूम आमच्याच नावाचा. तक्रार करायची कुणाची? स्वतःचीच?

तरी गेलो. तक्रार खिडकीवरच्या मुलीनं संगणकात पाहिलं. "आजोबा, तुमच्या तारेवर खंड शून्य. विश्वासार्हता शंभर टक्के. आमच्या विभागात पहिला नंबर तुमचा!" आणि अभिनंदन केल्यासारखी हसली. मी म्हटलं, बाळ, काल पंचवीस वेळा गेली. तिनं पुन्हा पाहिलं. "नाही हो. नोंद नाही." तिची काय चूक? जे तिच्यासमोर आहे ते ती वाचणार.

आयोगाकडे अर्ज केला. तिकडून तपासनीस आले. माणूस सज्जन हो, खोटं बोलणार नाही. चप्पल दाराबाहेर काढली, ताईला वाकून नमस्कार केला, पलंगाशेजारी स्टुलावर बसले, खिशातून मोठं घड्याळ काढलं, टप्टप् बटणाचं. आम्ही सगळे वाट बघत बसलो, लाईट केव्हा जाते. पाहुण्यासारखी वाट बघितली! गेली. त्यांनी टप् केलं. मशीन ओरडलं. ही नळी बदलायला गेली तर सिलिंडरची चावी घट्ट बसलेली, फिरेना. ताईचे ओठ निळे पडायला लागले. तपासनीसांनी घड्याळ मांडीवर ठेवून चावी दोन्ही हातांनी फिरवली, मदत केली बिचाऱ्यांनी, कपाळाला घाम. मग पुन्हा घड्याळ उचललं. लाईट आली. टप्. बघितलं. आणि खालच्या आवाजात, अगदी लाजल्यासारखं, म्हणाले, "चार मिनिटं सत्तेचाळीस सेकंद."

मी म्हटलं, पुढचं बोला.

"नियमात… नियमात बसतं, काका."

"आणि ही? ही कशात बसते?" मी ताईकडे बोट केलं. त्यांनी फॉर्म दाखवला. रकाने सात. 'किती वेळ' आहे. 'किती वेळा' नाहीच. मी म्हटलं, निदान शेरा तरी लिहा. शेऱ्याला जागा एक ओळ. त्यांनी बराच वेळ पेन धरलं आणि लिहिलं, 'तपासणीवेळी रुग्ण उपस्थित.' उपस्थित! ताईला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बरोबर आहे की. शाळेतसुद्धा मला एवढंच यायचं, हजर म्हणायला."

त्यानंतर ती तीन आठवडे हजर होती.

मंगळवार होता. दुकानात मी एका गवंड्याला दोर मोजून देत होतो. घरी त्या दिवशी सकाळपासून अकरा वेळा झालं होतं. हिची तीन रात्री झोप नव्हती, भिंतीला टेकून बसल्या बसल्या डोळा लागला. आणि त्या मशीनचं ओरडणं, आता सांगायला लाज वाटते, पण कानाला त्याची सवय झाली होती हो. घड्याळाचे टोले कसे आपण ऐकत नाही, तसं. बारावी वेळ. ताईनं हिला हाक मारली नाही. ती कुणाला झोपेतून उठवायची नाही, आयुष्यभर नाही. स्वतःच नळी बदलायला गेली. मी पोचलो तेव्हा लाईट होती. पंखा फिरत होता. मशीन छान घुं चाललं होतं, हिरवा दिवा. नळी ताईच्या हातात, मशीनची काढलेली आणि सिलिंडरची न लावलेली.

कंपनीचा त्या दिवसाचा अहवाल मी नंतर मागवून पाहिला. खंड, शून्य.

आता मी काय सांगतोय ते लक्षात घ्या. मला कुणाला शाप द्यायचे नाहीत. आकडा मी बोललो होतो. पाच. माझ्याच तोंडचा.

पंधरा दिवसांनी संध्याकाळी दारात तो सडपातळ इंजिनिअर. साहेब नाही आले, हा आला. बसला. पाणी दिलं तर हातात धरून राहिला. म्हणाला, "काका, ते लाईट घालवणारे-आणणारे टायमर मी बसवले. सुनावणीत साहेबांनी विचारलं, पाच जमेल का? मी म्हटलं, तास कापायचाच आहे, तुकडे करून कापू. मला वाटलं, तुमच्या घरालाही बरंच पडेल. थोडा थोडा त्रास." मी म्हटलं, बाळा, मलाही तसंच वाटलं होतं. दोन अडाणी. एक शिकलेला, एक न शिकलेला.

जाताना त्यानं कागद काढला. "हुकूम तुमच्या ताईंच्या नावावर आहे. त्या गेल्या असं तुम्ही लिहून दिलंत तर तो रद्द होईल, पुन्हा दुपारी एक तास सलग सुरू होईल. नाही दिलंत तर असंच चालू राहील. आम्हाला कोणी विचारणार नाही." मी विचारलं, 'किती वेळा' हा रकाना आयोगाला घालायला सांगितला तर? म्हणाला, "सांगा ना. मानकांचा फेरविचार तीन वर्षांनी असतो." तो अर्ज मी दिलाय, बरं का. पोच मिळालीय. तीन वर्षं.

कागद मी ठेवून घेतला. मनात म्हटलं, राहू दे चालू. ताई तर गेली. गल्ली खूश आहे, आपलं नाव आहे, कशाला उगाच तासाचा अंधार लोकांच्या डोक्यावर परत आणायचा? खरं सांगतो, असंच म्हटलं.

तर दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीतला शिंपी आला. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून उगाच सुतळीचं रीळ हातात घेऊन उलटसुलट करत राहिला. गिऱ्हाईक गेल्यावर म्हणतो, "शेठ, माझ्या बापाला परवा मशीन लावलं." मी म्हटलं, कसलं? "तुमच्या ताईंचं होतं तसलंच." मग त्यानं रीळ खाली ठेवलं. "कालपासून एकोणीस वेळा. बायको शिवण सोडून त्यांच्यापाशी बसलीय. शेठ, मी बापाचं नाव त्या पाच मिनिटांच्या हुकुमात घालणार नाही. तुम्ही ताईंचं काढा. आम्हाला आमचा तास परत द्या. एक तास सिलिंडर लावू, सुखानं झोपतील. पण गल्लीत माझं नाव सांगू नका. लोक माझ्याकडे कपडे शिवायला टाकतात."

सही केली. दुकानातच, गल्ल्यावर, त्याच्यासमोर. 'सदर ग्राहक मयत असल्यामुळे…' एवढीच ओळ. तेव्हा कळलं, की ताई गेल्याचं वीजवाल्यांच्या कागदावर पहिल्यांदा मीच लिहितोय. कंपनीच्या दृष्टीनं त्या मंगळवारी काही घडलंच नव्हतं ना!

सोमवारपासून तास परत आला. दोन ते तीन. तुम्हाला सांगतो, पहिल्या दिवशी सव्वादोनला न्हावी वस्तरा घेऊन दुकानासमोर. "काय शेठ! मिळालेला न्याय परत केलात? स्वतःच्या घरचं माणूस गेलं म्हणून आमच्यावर सूड?" आइस्क्रीमवाल्यानं वितळलेला डबा आणून पायरीवर ओतला, सगळ्या मुंग्या माझ्याकडे. व्यापारी संघाचा अध्यक्ष म्हणाला, "सातवी शिकलेल्याकडून दुसरी काय अपेक्षा?" ज्यानं भाषण केलं होतं तोच! आमची ही म्हणाली, सांगून टाका ना एकदाचं त्या शिंप्याचं. मी म्हटलं, नको. त्याच्या बायकोनं आता पुन्हा शिलाई मशीनवर पाय ठेवलाय, काल येता-जाता आवाज ऐकला. दुपारी दोन ते तीन म्हातारा झोपतो म्हणे, गाढ.

मी बसतो दुकानात. अंधारात दोर मोजता येतो, हाताला सवय आहे. बाहेरून येणारा-जाणारा शिव्या घालतो, तोही मोजत नाही मी. तक्रार तरी कशी करू? सकाळी दुकान उघडल्यापासून कुलूप लावेपर्यंत चालू असतात. सगळ्या गल्लीत तेवढा एकच पुरवठा आहे, ज्यात अजून चार मिनिटांचाही खंड पडलेला नाही.